भांग, ठंडाई आणि आपले सण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाशिवरात्रीपासून रंगपंचमीपर्यंतच्या तीन आठवड्यांत भांगेविषयी मला दरवर्षी तेच ते प्रश्न विचारले जातात. माझे आजोळ काशीतल्या ब्रह्मघाटाजवळच्या मराठी वस्तीत होते. त्यामुळे भांग घोटताना आणि पिताना मी लहानपणापासून पाहिली आहे, आणि तिचा बेतालपणे घेतलेला घोट माणसाला कसा आडवा करतो हेही पाहिले आहे. या विषयावर मराठीत एकतर भक्तिभावाने लिहिले जाते, नाहीतर पोलिसी बातमीच्या भाषेत, आणि मधली माहिती राहून जाते. ती एकत्र मिळावी म्हणून हे प्रश्नोत्तर लिहिले आहे.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची नावे आहेत का?

झाड एकच आहे, पण पदार्थ तीन आहेत, आणि या विषयातील जवळजवळ प्रत्येक गैरसमज हा भेद न कळल्यामुळे होतो. भांग म्हणजे या झाडाची पाने, किंवा ती वाटून केलेला लगदा. गांजा म्हणजे मादी झाडाचे चिकट, राळयुक्त फुलोरे. चरस म्हणजे फुलोऱ्यावरची आणि पानांवरची ती राळच, हाताने चोळून किंवा झाडून गोळा केलेली. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. परागण झाले की मादी झाडाची शक्ती बी धरण्यात जाते आणि फुलोऱ्यातील राळ कमी होते. म्हणून जुने गांजा पिकवणारे शेतकरी शेतातून फिरून नर रोपे वेळीच उपटून टाकीत. बंगालमध्ये ही पारख करणारी खास माणसे असत आणि त्यांना गांजाचे डॉक्टर म्हणत.

कैफ आणणारे मुख्य द्रव्य, म्हणजे टीएचसी, या राळेत असते. त्यामुळे पानांत ते सर्वांत कमी, फुलोऱ्यात अधिक आणि चरसात सर्वांत जास्त आढळते. भांग परंपरेने खाल्ली किंवा प्यायली जाते, गांजा आणि चरस चिलमीतून ओढले जातात. पुढे कायद्याचा आणि आरोग्याचा विचार करताना हे दोन्ही भेद लक्षात ठेवावे लागतील.

भांग पारंपरिक रीतीने कशी तयार होते?

काशीत याला भांग 'छानणे' म्हणतात, तर मराठीत आपण भांग घोटणे म्हणतो. वाळलेली पाने आधी निवडतात. त्यांतल्या काड्या, बिया आणि माती काढून टाकतात आणि मग पाने अनेकदा पाणी बदलून धुतात. माझ्या आठवणीतले पहिले पाणी काळपट हिरवे, जवळजवळ गटाराच्या रंगाचे असे. ते ओतून दिले जाई, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुणारा थांबत नसे. त्यानंतर पाने उकळून पिळून घेतात.

खरे काम पाट्यावर होते. आजोळच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ रोज दुपारी चारच्या सुमारास अंगणात पाटा मांडून बसत. पानांबरोबर मिरी आणि बडीशेप घेत, थेंब थेंब पाणी शिंपडत आणि वरवंटा दोन्ही हातांनी पुढेमागे ओढत राहत. तासाभराने लगदा लोण्यासारखा मऊ होई. तो पाट्याला इतका चिकटून बसे की वरवंटा उचलला तर पाटाही त्याच्याबरोबर उचलला जाई. पाटा असा उचलला गेला म्हणजे भांग झाली, ही तिथली कसोटी होती. या लगद्याची सुपारीएवढी किंवा त्याहून लहान गोळी करीत आणि ती दुधात, ठंडाईत किंवा नुसत्या पाण्यात कालवून कपड्यातून गाळून पीत. गोळी किती मोठी असावी हे पिणाऱ्याने ठरवायचे नसे. ते घोटणारा ठरवी. समोरच्याचे वय, प्रकृती आणि त्याची सवय पाहून तो हात आखडता घेई, आणि नवख्याला तर हरभऱ्याएवढी गोळी देऊन वाटेला लावी.

याशिवाय भांग तुपात शिजवून, साखरेच्या पाकात घालून केलेल्या वड्यांना माजून म्हणतात. भांगेचे पेढे, बर्फी, लाडू, कुल्फी आणि भजीही उत्तर भारतात मिळतात.

ठंडाई म्हणजे भांगच ना?

नाही. ठंडाई हे उन्हाळ्याच्या तोंडावर पिण्याचे थंड पेय आहे. बदाम, खसखस, बडीशेप, मगज बी, मिरी, वेलदोडा आणि गुलाबाच्या पाकळ्या भिजवून वाटायच्या, साखर घातलेल्या थंड दुधात कालवायच्या आणि गाळून घ्यायच्या, एवढीच तिची कृती आहे. भांग हा तिच्यात वरून घालण्याचा, ऐच्छिक पदार्थ आहे. दुकानातील बाटलीबंद ठंडाईत भांग नसते. मात्र होळीच्या मेळाव्यात कोणी अनोळखी माणसाने पेला पुढे केला, तर त्यात भांग आहे का हे स्पष्ट विचारून घ्यावे. आणि आपण यजमान असू तर भांगेची ठंडाई वेगळ्या भांड्यात ठेवून पाहुण्यांना तसे सांगावे. न सांगता कोणाला भांग पाजणे ही गंमत नाही. तो त्या माणसाचा विश्वासघात आहे, आणि त्यातून त्याच्या जिवावरही बेतू शकते.

शंकराला भांग का वाहतात?

लोकपरंपरेत याची दोन उत्तरे मिळतात. एक असे की समुद्रमंथनातील हलाहल प्राशन केल्यावर शिवाच्या कंठाचा दाह शमवण्यासाठी ही थंड मानलेली वनस्पती देण्यात आली. दुसरे असे की जे जगाने टाकले ते शिवाने घेतले. धोतरा, रुई, भस्म, सर्प आणि स्मशान ही सगळी त्याची आभूषणे आहेत आणि भांग त्याच पंक्तीतली आहे. मला स्वतःला दुसरे उत्तर अधिक पटते, कारण आयुर्वेदाच्या निघंटूंत, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशांत, भांग थंड नव्हे तर उष्ण सांगितलेली आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. शिवपूजेला लागते ते पाणी, बेलाचे पान आणि भस्म. भांगेवाचून पूजा अपुरी राहत नाही, आणि पूजेत वाहिलेली भांग प्रसाद म्हणून घेतलीच पाहिजे असाही काही दंडक नाही. उज्जैनच्या महाकालेश्वराला भांगेचा शृंगार करतात. वाटलेल्या भांगेचा लेप पिंडीवर चढवून, त्यात सुकामेवा बसवून देवाचा मुखवटा साकारतात. तेथे ती अलंकार म्हणून येते.

महाराष्ट्रात ही परंपरा कितपत आहे?

उत्तरेच्या मानाने फारच थोडी. आपल्याकडची महाशिवरात्र उपवासाची, बेलाची आणि कवठाची आहे. त्या दिवशी कवठाची चटणी किंवा मुरंबा न झालेले घर जुन्या पिढीत विरळाच सापडे. होळीला पुरणपोळीचा नैवेद्य असतो, दुसऱ्या दिवशी धुळवड, आणि रंग बहुतेक गावांत रंगपंचमीला खेळला जातो. भांगेला या साखळीत ठरलेली जागा नाही. ती आली ती तीर्थक्षेत्रांतून, तालमींतून, गोसावी-बैराग्यांच्या मठांतून आणि अलीकडे हिंदी चित्रपटांतील होळीच्या दृश्यांतून.

मराठी मनाचा तिच्याकडे पाहण्याचा कल भाषेतही दिसतो. चांगल्या घरात वाईट निपजले की आपण 'तुळशीत भांग उगवली' असे म्हणतो. आणि तुकोबांनी तर साधूच्या वेशातील व्यसनावर थेट कोरडा ओढला आहे. 'ऐसे संत झाले कळीं । तोंडीं तमाखूची नळी' अशी सुरुवात करून, स्नानसंध्या बुडवून भांगेच्या मागे लागलेल्या संतांचे ते सगळे सोंग आहे आणि तेथे पांडुरंग कसा असेल, असे ते विचारतात. वारकरी परंपरेतील हा कडक सूर महाराष्ट्रात भांग सणाच्या मध्यभागी न येण्याचे एक मोठे कारण असावे, असे मला वाटते.

इतर प्रांतांत ती कोणत्या प्रसंगी घेतली जाते?

बंगालमध्ये भांगेला सिद्धी म्हणतात. विजयादशमीला दुर्गामूर्तीचे विसर्जन करून घरी परतल्यावर सिद्धीचे पेय घोटभर घेण्याची तिथल्या जुन्या घरांची चाल आहे. व्रजभूमीत मथुरेचे चौबे भांगेसाठी प्रसिद्ध आहेत, आणि जवळच्या बलदेव गावी दाऊजींना, म्हणजे श्रीकृष्णाच्या थोरल्या भावाला, भांगेचा भोग लागतो. तेव्हा भांग फक्त शैवांची हे म्हणणेही पूर्ण खरे नाही. ओडिशात त्रिनाथाच्या मेळ्यात ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांना एकत्र पुजतात. तेल, पान आणि गांजा एवढ्या गरिबाला परवडणाऱ्या वस्तूंत ही पूजा आटोपते.

पंजाबात निहंग, म्हणजे शस्त्रधारी शिखांच्या काही दलांत घोटलेल्या भांगेला सुखनिधान किंवा शहीदी देग म्हणतात, आणि आनंदपूर साहिबला होळीच्या सुमारास भरणाऱ्या होला मोहल्ला या उत्सवात ती घोटली जाते. मात्र ही सर्व शिखांची रीत समजू नये. शीख रहित मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, भांगेसह सर्व मादक पदार्थ वर्ज्य सांगितले आहेत, आणि यावरून पंथात वाद आहेत.

जुन्या ग्रंथांत भांगेचा उल्लेख कुठे सापडतो?

अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोम ज्यांत श्रेष्ठ आहे अशा वनस्पतींच्या पाच राज्यांनी आपल्याला पापातून मुक्त करावे अशी प्रार्थना केली आहे, आणि त्यांत दर्भ, यव आणि सह यांच्याबरोबर 'भङ्ग' येतो. हा भङ्ग म्हणजे आजची भांगच, हे सर्व अभ्यासक मान्य करीत नाहीत, आणि मान्य केले तरी तेथे ती नशेसाठी घेतली जात होती असे त्या ऋचेतून निघत नाही. पाणिनीने तीळ, उडीद आणि जवस यांच्या शेतांबरोबर भङ्गेच्या शेताचे रूप सांगितले आहे. म्हणजे त्याच्या काळी ती शेतात पिकवण्याची वस्तू होती. कदाचित तिच्या धाग्यासाठी.

मादक औषध म्हणून स्पष्ट उल्लेख मध्ययुगीन वैद्यक ग्रंथांत येतात. शार्ङ्गधराने 'व्यवायी' द्रव्याची व्याख्या करताना भांगेचेच उदाहरण घेतले आहे. जे आधी सर्व शरीर व्यापते आणि मग पचते ते व्यवायी, जसे भांग आणि अफू. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तिला मातुलानी, मादिनी, विजया आणि जया अशी नावे आहेत. ती कफ हरणारी, कडू, ग्राही (मळ बांधणारी), पाचक, तीक्ष्ण आणि उष्ण आहे, आणि मोह, मद, बडबड व जठराग्नी वाढवते, असे तिथे म्हटले आहे. भांग प्यायलेल्या मंडळीत बसलेल्या कोणालाही यातील 'बडबड' आणि भूक पटकन ओळखू येईल.

मग ती आयुर्वेदिक औषध म्हणून निर्धोक आहे का?

औषध आहे, निर्धोक नाही. जातीफलादि चूर्ण आणि मदनानंद मोदक यांसारख्या योगांत, म्हणजे मिश्र औषधांत, शोधन (शुद्धीची प्रक्रिया) केलेली भांग असते आणि वैद्य ती अतिसार, अग्निमांद्य, निद्रानाश अशा तक्रारींवर बेताने वापरतात. पण औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे, आणि तीत बचनाग, कुचला, धोतरा यांच्याबरोबर भांगही आहे. अशी द्रव्ये असलेली औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. पानाच्या टपरीवर पाचक म्हणून मिळणाऱ्या भांगेच्या गोळ्या आयुर्वेदिक छाप असली तरी औषध म्हणून खाऊ नयेत.

परदेशी लेखकांनी आणि इंग्रज सरकारने याविषयी काय नोंदवले?

यातली सर्वांत जुनी महत्त्वाची नोंद आपल्या शेजारची, गोव्याची आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या, भारतातील औषधींवरील संवादरूप ग्रंथात 'बँग'वर एक संवाद लिहिला आहे. त्यात गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने पोर्तुगीज सरदार मार्तिम अफोंसो द सौझा याला सांगितलेली गोष्ट येते. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण पाहावेसे वाटले की आपण थोडी भांग खातो, असे सुलतान म्हणाला.

पुढे १८३९ साली विल्यम ओशॉनेसी या डॉक्टराने कलकत्त्यात या वनस्पतीचे प्राण्यांवर आणि नंतर रुग्णांवर प्रयोग केले. धनुर्वात आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषबाधेतील झटके तिने शमतात, असे त्याला दिसले. त्याच्या लेखनामुळे ती युरोपच्या औषधालयांत पोहोचली.

सर्वांत सविस्तर काम १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचे आहे. भारतातील वेडाची इस्पितळे गांजाने भरली आहेत अशी ओरड इंग्लंडच्या संसदेत झाली आणि त्यातून हा आयोग नेमला गेला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते आणि सदस्यांत तीन भारतीय होते. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल दिला. मला त्यातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो इस्पितळांच्या नोंदींच्या फेरतपासणीचा. वेडाचे कारण या रकान्यात 'गांजा' असे लिहिलेल्या रुग्णांची माहिती आयोगाने पुन्हा मुळापासून तपासली. अनेक ठिकाणी ते कारण पुराव्याविनाच, बहुधा रुग्णाला आणणाऱ्या शिपायाच्या सांगण्यावरून, रकाना भरण्यापुरते लिहिले गेले होते. बेताच्या सेवनाने म्हणण्यासारखा अपाय होत नाही, अतिसेवन अपायकारक आहे, आणि सरसकट बंदीपेक्षा परवाने व कर यांनी नियंत्रण ठेवावे, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. त्याला सरकारी महसुलाचीही जोड होती हे विसरता येत नाही, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचा निष्कर्ष आजच्या जास्त तीव्र गांजाला जसाच्या तसा लावणेही चूक ठरेल.

या अहवालाशी मुंबई इलाख्याचे नाते जवळचे आहे. धर्म आणि भांग यांच्या संबंधावर त्यात जोडलेले टिपण मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांचे आहे, आणि इलाख्यातील परवान्याच्या गांजा-लागवडीत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव ठळकपणे येते.

भारतात भांग कायदेशीर आहे का?

केंद्राच्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यात 'कॅनाबिस'ची व्याख्या चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणे अशी आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, आणि फुलोऱ्यांसोबत नसतील तर बिया आणि पाने त्यातून वगळली आहेत. हा अपवाद अमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येतून आला, आणि त्यामुळे निव्वळ पानांची भांग केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात हाच अर्थ पुन्हा मांडला.

पण यावरून 'भांग देशभर मोकळी आहे' असा निष्कर्ष काढणारे दोन गोष्टी विसरतात. पहिली, त्याच कायद्याने परवान्याशिवाय हे झाड लावणे हाच गुन्हा आहे, मग तुम्ही पाने तोडा की फुले. म्हणून 'घरच्या कुंडीतली भांग' हा प्रकार मुळीच कायदेशीर नाही. दुसरी, भांगेचे नियमन राज्यांकडे आहे आणि प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. उत्तर प्रदेश आणि राजस्थानात उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याने भांगेचे ठेके चालतात. जैसलमेरच्या किल्ल्याजवळचे दुकान पर्यटकांनी जगप्रसिद्ध केले आहे. याउलट आसामात १९५८ पासून गांजा आणि भांग दोन्हींवर बंदीचा स्वतंत्र कायदा आहे.

आणि महाराष्ट्रात?

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे, आणि त्यातील 'हेम्प'च्या व्याख्येत पाने, म्हणजे भांगही येते. परवान्याशिवाय ती बाळगणे, विकणे आणि सेवन करणे येथे गुन्हा आहे. होळीच्या दिवशी यातून सूट मिळत नाही. सोसायटीच्या रंगपंचमीत भांगेची ठंडाई ठेवण्याचा बेत करणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

काशीहून किंवा जैसलमेरहून भांगेच्या गोळ्या घरी आणल्या तर?

ज्या राज्यात ती परवान्याने विकत घेतली, त्या राज्याची परवानगी हद्दीवर संपते. महाराष्ट्रात उतरल्यावर महाराष्ट्राचा नियम लागू होतो. शिवाय लगद्यात फुलोरे मिसळले असतील तर तो पदार्थ भांग न राहता गांजा ठरतो, आणि मग एनडीपीएसची कलमे लागतात. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर माझे आग्रहाचे सांगणे आहे, की आखाती देश किंवा सिंगापूर येथे जाताना प्रसाद म्हणून मिळालेला भांगेचा पेढाही सामानात ठेवू नका. तिथला कायदा पान आणि फूल असा भेद करीत बसत नाही.

साधूंना गांजा ओढण्याची मुभा असते का?

कायद्यात अशी मुभा नाही. कुंभमेळ्यात, त्यात आपला नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थही आला, चिलीम ओढणारे साधू उघड दिसतात आणि पोलीस बहुधा दुर्लक्ष करतात, पण दुर्लक्ष आणि परवानगी यांत फरक आहे. त्यांच्या चिलमीतून एक झुरका घेणारा भाविक पकडला गेला तर 'प्रसाद होता' हा बचाव चालत नाही.

भांगेचा अंमल उशिरा का चढतो?

ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो, कारण तो फुप्फुसांतून सरळ रक्तात जातो. खाल्लेली भांग आधी पोटात आणि मग यकृतात जाते, आणि यकृत टीएचसीचे रूपांतर त्याहून प्रबळ अशा द्रव्यात करते. त्यामुळे परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही सुरू होतो, आणखी दोनतीन तासांनी शिखरावर पोहोचतो आणि सहा ते बारा तास टिकतो. ताज्या पानातील द्रव्य मूळ रूपात फारसे मादक नसते. वाळवणे आणि उकळणे यांनी ते मादक होते, आणि स्निग्ध पदार्थांत ते चांगले विरघळते. दूध आणि तूप वापरण्याची परंपरा रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे.

बहुतेक अनर्थ या उशिरामुळेच होतात. आमच्याच घरातला एक तरुण पाहुणा एका होळीला काशीत पेढा खाऊन तासभर थांबला, काहीच होत नाही म्हणून त्याने दुसरा आणि मग तिसरा खाल्ला. संध्याकाळी तो जिन्यात बसून रडत होता. आपले हृदय थांबते आहे अशी त्याची खात्री झाली होती, आणि एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा विचारत होता, 'किती वाजले?' रात्रभर त्याच्या उशाशी बसावे लागले. दुसऱ्या दिवशी दुपारीही त्याचे डोळे जड होते. ज्याला पाट्यावरच्या म्हाताऱ्याने हरभऱ्याएवढीच गोळी दिली असती, त्याला दुकानातल्या पेढ्याने मोजमाप सांगितले नव्हते.

कोणी भांग मुळीच घेऊ नये?

मुले आणि तरुण, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, हृदयविकार असलेले लोक, आणि ज्यांना स्वतःला किंवा घरात कोणाला गंभीर मानसिक आजार झाला आहे असे सर्व. भांगेने नाडी जलद होते, आणि मानसिक आजाराची प्रवृत्ती असलेल्या माणसात ती भ्रम-भास चाळवू शकते. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर ती घेणे धोक्याचे आहे. भांग घेऊन वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे तिचा अंमल दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळू शकतो.

'सणाची गोष्ट, व्यसन थोडेच लागते' असे म्हणणाऱ्यांनाही एक आकडा सांगावासा वाटतो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, १० ते ७५ या वयोगटातील सुमारे ३.१ कोटी भारतीयांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यात भांग घेणारे सुमारे २.२ कोटी होते. यांतले सगळे वर्षातून एकदाच घेणारे नव्हते. रोजची गोळी लागणारी माणसे मी काशीत पुष्कळ पाहिली आहेत. सवय सोडवण्यासाठी मदत हवी असल्यास १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क मदतवाहिनी आहे.

एखाद्याला जास्त झाली तर काय करावे?

शांत, कमी उजेडाच्या खोलीत बसवावे, एकटे सोडू नये, पाणी थोडेथोडे द्यावे आणि हे काही तासांत उतरेल असे पुन्हा पुन्हा सांगावे. लिंबू, चिंच, लोणचे, ताक हे घरोघरचे उतारे आहेत. पूर्ण शुद्धीवर असलेल्याला त्यांतले थोडे दिल्यास अपाय नाही, पण त्यांनी अंमल उतरतो असा भरवसा धरू नये. गुंगीत असलेल्याच्या तोंडात काहीही ओतू नये आणि ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. झोपला असेल तर कुशीवर वळवावे.

छातीत दुखणे, झटके, शुद्ध हरपणे, श्वास मंदावणे किंवा सतत उलट्या असतील तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मुलाने चुकून भांगेचा पेढा खाल्ला असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्यावे. बुबुळातील बाहुल्या खूप मोठ्या झालेल्या, तोंड कोरडे, अंग तापलेले व लालसर आणि बडबड असंबद्ध, असे चित्र दिसले तर भांगेत धोत्र्याची भेसळ असण्याचा संशय धरावा. कैफ वाढवण्यासाठी धोत्रा मिसळण्याची किंवा तांब्याच्या नाण्याने भांग घोटण्याची वाईट खोड काही ठिकाणी आहे, आणि दोन्हींनी विषबाधा होते. डॉक्टरांना काय खाल्ले ते खरे सांगावे. लाजेने लपवलेल्या माहितीने उपचार लांबतात.

भांगेच्या बियांच्या चटणीने नशा येते का?

येत नाही. उत्तराखंडच्या कुमाऊँ आणि गढवाल भागात भाजलेल्या बिया मीठ, मिरची आणि लिंबू घालून वाटतात, आणि ती चटणी रोजच्या जेवणात वाढतात. बियांत मादक द्रव्य जवळजवळ नसते. प्रथिने आणि तेल मात्र भरपूर असते. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, आणि बियांसाठी किलोमागे ५ मिलिग्रॅम टीएचसीची कमाल मर्यादा घातली. चव थोडी तिळासारखी, थोडी अक्रोडासारखी लागते. आपल्या जवसाच्या चटणीची ती पहाडातली बहीण म्हणता येईल.

भांग न घालता होळीची ठंडाई करायची, तर तिला काय चव राहणार?

तीच, जी मुळात असते. भांगेची स्वतःची चव कडवट, गवती आहे आणि बाकीचा मसाला ती झाकण्यासाठीच जास्त लागतो. ती वगळली की मिरी आणि बडीशेप निम्म्यावर आणावी, खसखस मात्र कमी करू नये, कारण दाटपणा तिचाच असतो. बदाम रात्रभर भिजवून सोलावेत. मगज बी आणि खसखस वेगळी भिजवावी, आणि सगळे मिक्सरऐवजी शक्य असेल तर पाट्यावर वाटावे. माझी आजी वाटून झाल्यावर पाट्यावर अर्धी वाटी थंड दूध ओतून, ते हाताने फिरवून, पाटा धुतल्याचे तेच दूध पातेल्यात घेत असे. केशर त्या दुधात खलून घातले की रंग सगळीकडे सारखा उतरतो.